बाबा, तुमची फाइल मागवायची आहे

मिसिसागा, ओंटारिओ, कॅनडा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर व्हिसाचा विषय निघाला की बाबा चिडतात, आई फोन काढून घेते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. सोबत दोन फॉर्म पाठवलेत, एक बाबांचा, एक आईचा. त्यावर तुमच्या सह्या हव्यात. सही कशावर करतोय हे नीट वाचल्याशिवाय बाबा पेनाचं टोपण काढत नाहीत, हे लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून बघत आलेय. तेव्हा सगळं सविस्तर सांगते.

सुपर व्हिसाच्या, म्हणजे आईवडिलांना मुलांकडे इथे येऊन राहण्यासाठी मिळणाऱ्या व्हिसाच्या, तुमच्या अर्जांचं पान मी इथे उघडते तेव्हा रोज तेच दिसतं. अर्ज पोचला, बोटांचे ठसे पोचले, मेडिकल झालं. त्याखाली 'पार्श्वभूमी तपासणी', आणि पुढे 'चालू आहे'. हे 'चालू आहे' मोठं गुळमुळीत प्रकरण आहे. कुणी खरंच तपासतंय, की फाइल अजून कुणी उघडलेलीच नाही, की एखादा कागद कमी पडलाय आणि तो मागायचाच राहून गेलाय, तिन्ही वेळी पाटी तीच. मी चौकशीचा फॉर्म भरला, हेल्पलाइनला फोन केला. उत्तर एकच: 'तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे.' हे तर मलाही माहीत होतं.

आता बाबा, तुमच्या भाषेत सांगते. तुम्ही पोलिसात तपासावर असताना रोजच्या रोज केस डायरी लिहायचात. कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय हाती लागलं, पुढे काय करायचं. इथल्या इमिग्रेशन खात्यात प्रत्येक अर्जाची तशीच नोंद चालते. ग्लोबल केस मॅनेजमेंट सिस्टम नावाची संगणक प्रणाली आहे, बोलताना सगळे जीसीएमएस म्हणतात. फाइल कोणत्या तारखेला उघडली, कोणत्या कार्यालयाकडे गेली, पात्रता, गुन्हे, सुरक्षा आणि वैद्यकीय या एकेका रकान्यासमोर काय शेरा पडला, अधिकाऱ्याने काय टिपलं, सगळं त्यात असतं. फरक एवढाच, की तुमची केस डायरी आरोपीने किंवा त्याच्या वकिलाने मागितली तर कायद्याने ती मिळायची नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७२ तुम्हीच मला जेवताना ऐकवलेलं आहे. इथे मात्र ज्याची फाइल आहे त्याला ती मागता येते.

मागायचा कायदा आपल्या माहितीच्या अधिकाराचा भाऊच, वयाने मोठा. आपल्याकडे देशपातळीवर कायदा ऑक्टोबर २००५ मध्ये लागू झाला, महाराष्ट्राचा स्वतःचा त्याआधी तीन वर्षं. इथला 'ॲक्सेस टू इन्फर्मेशन ॲक्ट' १ जुलै १९८३ पासून आहे. उत्तराची मुदत तिथेही ३० दिवस, इथेही ३० दिवस. तिथे फी १० रुपये, इथे ५ डॉलर, म्हणजे साधारण तीनशे रुपये. तुम्ही पोलीस ठाण्यात असताना माहितीच्या अधिकाराचा अर्ज आला की 'आला आणखी एक रिकामटेकडा' म्हणायचात. आता तुमची लेकच रिकामटेकडी झाली, काय करणार!

गंमत अशी, की कॅनडा सरकारच्या सगळ्या खात्यांकडे माहितीसाठी जे अर्ज येतात त्यातले निम्म्याहून अधिक या एकट्या इमिग्रेशन खात्याकडे येतात. बहुतेकांना हेच हवं असतं, माझ्या फाइलचं काय झालं. माहिती आयुक्तांनी त्यावर २०२१ मध्ये खास अहवालही काढला. माझं म्हणणं, पाटीवर नीट लिहिलं असतं तर एवढ्या लोकांनी अर्ज कशाला केले असते? पण ते आपल्या हातात नाही.

माझ्या ऑफिसमध्ये एक केरळची मुलगी आहे, तिने नवऱ्याच्या अर्जाचे असे कागद मागवले होते. परवा डब्याच्या वेळी तिने मला ते लॅपटॉपवर दाखवले. पानंच्या पानं नुसते रकाने, आकडे आणि तारखा. पत्ता, पासपोर्ट, नोकरी, सगळं आपणच भरलेलं परत आपल्यालाच. मध्येच पांढऱ्या चौकटी, मजकूर काढून घेतलेला आणि जागेवर फक्त कलमाचा आकडा. खूप खाली गेल्यावर अधिकाऱ्याच्या टिपणाच्या तीन ओळी. त्यातल्या एका ओळीत लिहिलं होतं की लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर दिसत नाही. तिने ते अर्जासोबत दिलेलं होतं, पण दुसऱ्याच कुठल्या कागदाच्या मागे जोडलं गेलं होतं. खात्याने तिला कधी विचारलंच नाही. तिने ते पुन्हा पाठवलं आणि काम पुढे सरकलं. सगळ्यांच्या फाइलीत असं काही सापडतं असं नाही, पण त्या तीन ओळींसाठीच हा खटाटोप करायचा.

आता जे बाबांना झोंबतं त्याबद्दल. 'मी आयुष्यभर दुसऱ्यांची चारित्र्य पडताळणी केली, माझी कोण करणार?' हे तुम्ही मागच्या रविवारी म्हणालात आणि फोन ठेवलात. बाबा, तुमच्यावर कुणाचा संशय नाही. फॉर्ममध्ये प्रश्नच असतो, की लष्करात, पोलिसात, कुठल्या सुरक्षा दलात होता का. 'हो' म्हटलं की पुढे जादा माहिती द्यावी लागते. तुम्ही सेवापुस्तक काढून बसला होतात, आठवतं ना? शिपाई म्हणून भरती झाल्यापासून सहायक फौजदार म्हणून निवृत्त होईपर्यंत कोरेगाव, मेढा, वडूज, मुख्यालय, प्रत्येक बदलीची तारीख, हुद्दा, काम. जगातल्या कुठल्याही देशाचा गणवेश अंगावर घातलेल्या माणसाला हे विचारतात. त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात कलम ३४ देशाच्या सुरक्षेचं आहे आणि ३५ मानवी हक्कांच्या उल्लंघनाचं. ज्या देशांत पोलिसांनी लोकांवर भयंकर अत्याचार केले तिथून आलेला माणूस गुपचूप इथे येऊन राहू नये, म्हणून ही चाळणी आहे. ती सातारा जिल्हा पोलिसांसाठी वेगळी करून देत नाहीत. तुमच्यावर एकही विभागीय चौकशी नाही, हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे, सगळ्या पोलीस लाइनीला माहीत आहे. इथल्या टेबलावरच्या माणसाला ते कागदावरूनच कळणार.

आणि ही तपासणी इमिग्रेशनवाले स्वतः करत नाहीत. गरज वाटली तर ते फाइल सीमा सेवा खात्याकडे पाठवतात, आणि इथली गुप्तवार्ता संस्थाही त्यात असते. ते शिफारस कळवतात, निर्णय इमिग्रेशनचा. म्हणजे मला त्या कागदांत आधी हेच बघायचंय, की 'सुरक्षा' या रकान्यात काय आहे. 'सुरू नाही' असेल तर फाइल नुसती पडून आहे. 'चालू' असेल तर ती दुसऱ्या दारात गेलीय आणि तिथे वाट बघण्यावाचून गत्यंतर नाही. त्या दाराआड काय चाललंय ते बहुधा पांढऱ्या चौकटीतच असेल. माहितीच्या कायद्याच्या कलम १५ आणि १६ खाली ते झाकता येतं. पण फाइल कुठल्या दारात आहे एवढं कळलं तरी बाबांचा निम्मा राग जाईल. माझा तरी जाईल.

सातारच्या त्या एजंटाला मात्र एक पैसाही देऊ नका. 'आतून नोट्स काढून देतो' म्हणाला ना तो? आतून वगैरे काही नसतं. तोही इथल्या कुणाकडून ५ डॉलरचा हाच अर्ज करणार आणि तुमच्याकडून हजारो घेणार. वर तुमचा पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख त्याच्याकडे जाणार, ते वेगळंच. खरं तर तुम्ही स्वतःसुद्धा घरबसल्या मागू शकता. जुलै २०२२ पासून परदेशातल्या माणसालाही इथल्या प्रायव्हसी ॲक्टखाली स्वतःची माहिती मागता येते, आणि त्याला फीही नाही. पण ऑनलाइन खातं उघडा, कागद चढवा, पासवर्ड विसरा, हे सगळं व्हिडिओ कॉलवर करण्यापेक्षा मी इथली कायम रहिवासी म्हणून अर्ज करते. फक्त दुसऱ्याची माहिती मागायची तर त्याची संमती लागते. तेवढ्यासाठी हा फॉर्म, आयएमएम ५७४४.

मी नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक सगळं भरून ठेवलंय. तुम्ही आधी ताडून बघा, मग छापून निळ्या किंवा काळ्या पेनाने हाताने सही करा. मोबाइलवर बोट फिरवून सही नको, नाव टाइप केलेलंही नको. तारीख सही कराल त्याच दिवसाची. आई, तू मराठीतच कर, पासपोर्टवर आहे तशी, उगाच इंग्रजीत करायला जाऊ नकोस. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घ्या. फोटो काढून पाठवलात तर बाबांच्या अंगठ्याची सावली पडते आणि नंबर वाचता येत नाही.

हे मागितल्याने अर्ज लवकर निघत नाही आणि मागितलं म्हणून कुणी डूखही धरत नाही. अर्जाचा माणूस वेगळा, माहितीचा वेगळा. ३० दिवस म्हटलं तरी खातं मुदत वाढवून घेऊ शकतं. अगदीच टाळाटाळ झाली तर माहिती आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. इथल्या खासदाराच्या कार्यालयातही मी जाऊन आले. बाबा, तुम्ही 'चिठ्ठी घे' म्हणालात, पण इथे खासदाराची चिठ्ठी चालत नाही. त्यांच्या कार्यालयातली बाई खात्याला विचारते आणि जे कळेल ते आपल्याला सांगते. तिलाही तुमची संमती हवी आहे, तो कागद मागाहून पाठवीन. कोर्टात जाऊन 'निर्णय द्या' असा आदेशही मागता येतो, पण वकिलाचा खर्च ऐकून मी तो विचार बाजूला ठेवलाय. आणि तशी वेळ आलीच तर वकील आधी हेच कागद मागेल.

मेडिकल बारा महिने धरतात, तेव्हा त्याची काळजी आजच नको. विम्याचं मी बघतेय. एक लाख डॉलरची पॉलिसी तुम्ही इथे उतराल त्या दिवसापासून वर्षभर हवी असते, तिची तारीख पुढे सरकवून देतो असं कंपनी म्हणाली आहे.

शेवटचं आईसाठी. तुमचे अर्ज एकत्र केले असले तरी क्रमांक वेगळे आहेत, फाइली वेगळ्या आहेत. म्हणून दोघांचे कागद वेगवेगळे मागवतेय. तू कधी नोकरी केली नाहीस, गणवेश घातला नाहीस. तुझ्या फाइलीत कदाचित काहीच अडलेलं नसेल आणि ती केवळ बाबांच्या फाइलीला बांधून ठेवलेली असेल. तसं निघालं तर तुझ्या अर्जाचा निर्णय आधी द्या, असं मी खात्याला लिहू शकते. ऐकतीलच असं नाही. पण ऐकलं, तर तुला मुंबईहून एकटीला विमानात बसावं लागेल, आणि बाबा मागे राहतील. मला मे महिन्यात तू हवी आहेस, हे काही लपवत नाही. डॉक्टरांनी तारीख दुसऱ्या आठवड्यातली दिलीय. पण बाबांना सकाळचा चहासुद्धा स्वतः करता येत नाही, हेही मला माहीत आहे.

तेव्हा विचार करून ठेव आणि मला मोकळेपणाने सांग, स्पीकर बंद करून. बाबांनी हे वाचलंच असणार. बाबा, तुम्हीही सांगा, शेजारच्या काकूंकडे डबा लावायचा का?

तुमची लेक

ता. क. फॉर्म शेवटपर्यंत बघा. सहीची जागा चुकवू नका.