ताईंना, जपानात इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. शिवाय त्यात माहिती कोंबून भरली आहे. आभाराच्या ओळी तुम्ही गाळाल, पण माहिती चुकली आहे का ते तपासल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही.

जपानला शिकवायला जायचं म्हटलं की 'होईल हो सगळं नीट' म्हणणारे पायलीला पन्नास भेटतात. तुमचा पहिला प्रश्न मात्र असायचा, 'शाळा कुठल्या माध्यमाची?' अनेकांना तो झोंबला. पण गोम तिथेच आहे. जपानचं इमिग्रेशन शाळेत भाषा शिकवणाऱ्याकडून पदवी तर मागतंच, पण शिकवायची भाषा ज्याची मातृभाषा नाही त्याच्याकडून त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावाही मागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी, तीन वर्षांची पदवी आणि बी.एड. इंग्रजीतून, असं असेल तर गणित जमत नाही, मग इंग्रजी कितीही फर्डं असो. १२० तासांचं टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं, प्रमाणपत्र घेऊनही ही उणीव भरून निघत नाही, कारण ते व्हिसाच्या अटीत बसतच नाही. हे आधीच तोंडावर सांगून तुम्ही कित्येकांचे एजंटांच्या घशात जाणारे पैसे वाचवलेत. ज्यांचं जमत होतं त्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र घ्यायला लावलंत: कुठल्या इयत्तेपासून कुठल्या इयत्तेपर्यंत, कुठली वर्षं, माध्यम इंग्रजी, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही, आणि जपानातून शाळेशी पत्रव्यवहार करत बसणं म्हणजे महिन्याची निश्चिंती.

पुढचा कागद पात्रतेचा, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. तो तिकडचा नेमणूक करणारा काढतो आणि मिळाल्या तारखेपासून तीनच महिने चालतो. तेवढ्यात व्हिसाही घ्यायचा आणि जपानात पाऊलही ठेवायचं. सरकारी शाळेत शिकवणाऱ्याचा व्हिसा 'इन्स्ट्रक्टर' प्रकारचा, खासगी संभाषणवर्गात शिकवणाऱ्याचा 'ह्युमॅनिटीज आणि इंटरनॅशनल सर्व्हिसेस'चा. नोकरी एका प्रकारातून दुसऱ्यात बदलली तर व्हिसाचा प्रकारही बदलून घ्यावा लागतो, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत.

करार वाचायला शिकवलंत त्याबद्दल वेगळे आभार. १९८७ पासून चालू असलेला जेट, म्हणजे परदेशी शिक्षक आणणारा सरकारी कार्यक्रम, किंवा थेट शिक्षण मंडळाची नोकरी हा एक प्रकार. दुसरा 'हाकेन', म्हणजे कंपनीने शाळेला माणूस पुरवायचा. तिसरा 'ग्योमु इताकु', म्हणजे कंपनीने कामाचं कंत्राट घ्यायचं. कागदावर फरक बारीक दिसतो, वर्गात मोठा होतो: तिसऱ्या प्रकारात शाळेतल्या शिक्षकाने असिस्टंट लँग्वेज टीचरला, म्हणजे एएलटीला, थेट सूचना देणं कायद्याला धरून नाही. सूचना कंपनीमार्फत यायच्या. सोबतचा शिक्षक तुटक वागतो असं वाटतं, ते बऱ्याचदा यामुळे. आठवड्याला साडेएकोणतीस तासांचा आकडा दिसला तर थांबा, असंही तुम्ही म्हणायचात. पूर्णवेळेच्या तीन चतुर्थांशापेक्षा तास कमी दाखवले की सामाजिक विम्याचा, म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शनचा, मालकाचा वाटा टाळता येत असे. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत विमा लागू होण्याची किमान मर्यादा आठवड्याला २० तासांवर आली आहे, तरी करारात विम्याची ओळ बोट ठेवून वाचायची ती वाचायचीच.

आता पहिले दोन आठवडे. इथे तुम्ही जो क्रम लावून दिलात त्याला तोड नाही. मोठ्या विमानतळावर उतरताच रहिवासी कार्ड, म्हणजे झाइर्यू कार्ड, हातात पडतं. घर नक्की झालं की १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा. तो कार्डाच्या मागे छापून मिळतो, आणि त्या छापील पत्त्याशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही. त्यानंतर फोन, आणि तोही आवाजी नंबर असलेला. नुसतं डेटाचं सिम बँकेला चालत नाही. बँक फोन नंबर मागते, फोन कंपनी बँक खातं किंवा कार्ड मागते, असा कोंबडी आधी की अंडं आधी हा खेळ आहे. तो सोडवायचा तर पहिला फोन भारतातल्या क्रेडिट कार्डावर किंवा दुकानात रोख भरून चालणाऱ्या योजनेत घ्यायचा. मग बँक. सहा महिने राहून झाल्याशिवाय पूर्ण खातं न देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत, म्हणून नवखे लोक आधी पोस्टाच्या बँकेत, युचोत, विचारतात. पगाराची यादी कधी बंद होते ते कार्यालयात विचारून घ्यायचं. खातं त्यानंतर उघडलं तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो.

आणि नाव! यावर तुम्ही जेवढा वेळ घालवलात तेवढा कुणी घालवत नाही. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि मागोमाग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, असं असतं. कार्डावर ते जसंच्या तसं येतं, आडनाव पुढे. मग प्रत्येक खिडकीवर ते काताकाना लिपीत लिहायला सांगतात. कुलकर्णी हे 'कुरुकारुनि' होतं, आणि शेवटचा 'नि' ऱ्हस्व लिहायचा की लांबवायची आडवी रेघ द्यायची हा निर्णय त्या क्षणी फुटकळ वाटतो. पण बँकेने रेघ दिली आणि पगारपत्रकात ती नसली की जपानी बँकांना ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि रक्कम परत जाते. मधलं नाव एका ठिकाणी घातलं, दुसरीकडे गाळलं, तरी तेच. तुमचा उपाय सोपा होता: निघण्याआधी नाव काताकानात एकदाच ठरवायचं, एका कागदावर ठळक लिहायचं आणि पालिका, बँक, फोन, विमा, शाळा, सगळीकडे तोच कागद पुढे करायचा. कारकून स्वतःच्या कानाने लिहायला लागला की नम्रपणे थांबवायचं.

घराचं बोलायचं तर शिकिकिन ही अनामत, रेइकिन हे घरमालकाला न परतणारं नजराण्याचं भाडं, त्यावर हमी कंपनी, एजंट आणि पहिलं भाडं. सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम हाताशी हवी. घर मिळतं तेव्हा छताला दिवा नसतो, खिडकीला पडदा नसतो, स्वयंपाकघरात शेगडी नसते. वीज फोनवर किंवा ऑनलाइन सुरू होते, पण गॅस सुरू करायला माणूस येतो आणि तेव्हा आपण घरात असावंच लागतं. ती वेळ किल्ली घेण्याच्या दिवसाचीच ठरवून ठेवायची, नाहीतर अंघोळीला गरम पाणी नाही. शेगडी घेताना घरात नळाचा शहरी गॅस आहे की सिलिंडरचा एलपी, हे आधी पाहायचं. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि एकीची दुसऱ्यावर लावणं धोक्याचं.

मिक्सर आणू नका, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! जपानात घरगुती वीज १०० व्होल्ट. आपलं २३० व्होल्टचं इस्त्रीसारखं तापणारं उपकरण तिथे जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी उष्णता देतं, आणि मिक्सर नुसता कण्हतो. तो चालवायला लागणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा. कुकर मात्र जरूर न्यावा. पण भाड्याच्या घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा निरुपयोगी, बुडाला लोहचुंबक चिकटेल असा स्टीलचा हवा. तळाला चुंबक लावून बघा, ही तुमची परीक्षा आता घरोघरी चालते.

कचऱ्याचं कोष्टक पालिकेतूनच मिळतं. ते फ्रीजला लावायचं आणि सकाळी ठरलेल्या वेळेआधी पिशवी ठेवायची. आदल्या रात्री नाही. बाटलीचं झाकण आणि लेबल वेगळं, बाटली विसळून. चुकलेली पिशवी चूक दाखवणाऱ्या चिकट चिठ्ठीसकट तिथेच राहते आणि अख्ख्या गल्लीला दिसते.

शाळेतलं जेवण, क्युशोकु, हा शाकाहारी माणसाचा खरा प्रश्न. भाजीचं दिसणारं सूपही बहुधा माशाच्या दाशीवर, म्हणजे अर्काच्या पाण्यावर, केलेलं असतं, आणि बाजारातल्या करीच्या वड्यांत गायीची चरबी असू शकते. 'मी मांस खात नाही' म्हटलं तर समोरच्याला मासे आणि अर्क चालतात असं वाटतं. म्हणून न चालणाऱ्या गोष्टींची जपानी यादी करून ती पहिल्याच आठवड्यात उपमुख्याध्यापकांना द्यायची आणि डबा आणायची परवानगी मागायची, असं तुम्ही सुचवलंत. नाव वगळलं की महिन्याचे जेवणाचे पैसेही लागत नाहीत. मुलांसमोर रोज ताट तसंच परत करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

वर्गाबद्दल तुम्ही दिलेलं मात्र कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही. एप्रिल २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, ओळखीपुरते. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. वर्ग जपानी शिक्षकाचा, आपण मदतनीस, हे मनाशी पक्कं केलं की निम्मा मनस्ताप संपतो. तासाआधी सोबतच्या शिक्षकाला फार तर तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात तुमचे तीन प्रश्न पुरतात: पान कुठलं, त्यातली माझी मिनिटं किती, तास संपताना मुलांच्या वहीत काय लिहिलेलं असायला हवं. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून बाकीचं आपोआप ठरतं.

प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प बसतो. मुलांना उत्तर येत असतं, पण चारचौघांत चुकायचं नसतं. आधी अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्यायचं, मग जोडीला विचारायचं. उत्तर एकट्याचं राहत नाही आणि तोंडं उघडतात. उच्चारासाठीची टाळीही तुमचीच. जपानी भाषेत 'न' सोडला तर व्यंजनानंतर स्वर येतोच, त्यामुळे 'डेस्क'चं 'देसुकु' होतं. 'चूक' म्हणायचं नाही, फक्त टाळी वाजवायची: देसुकुला तीन, डेस्कला एक. मुलं हसतात आणि स्वतःच दोन टाळ्या गिळतात. आणि आपल्या बोलण्याबद्दल तुम्ही स्पष्ट बोललात. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच 'व'वर भागवतो, 'टी' आणि 'डी' टाळूला जीभ लावून ठणकावतो, आणि सगळ्या अक्षरांना सारखंच वजन देत सुसाट सुटतो. ध्वनिफीत आधी ऐकवायची, मग आपण म्हणायचं, आणि वाक्य संपल्यावर श्वास घ्यायचा. उसना अमेरिकी हेल काढायचा नाही. तो दुसऱ्या वाक्यात पडतोच.

पैशांतला सगळ्यात मोठा धक्का दुसऱ्या वर्षीच्या जूनमधला. रहिवासी कर गेल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, साधारण दहा टक्के. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून हातात जास्त पडतं आणि ते खर्चायची सवय लागते. कंपनी कापत नसेल तर जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारीत भरायच्या पावत्या पोस्टाने येतात. पालिकेच्या आरोग्य विम्याचंही तसंच, पहिल्या वर्षी हप्ता कमी आणि पुढे उडी. पेन्शनवर तर तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसवलंत: किमान सहा महिने भरलेलं असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांत एकरकमी परतावा मागता येतो, पेन्शन नोकरीतून भरलेली असेल तर त्यातले २०.४२ टक्के कर म्हणून कापतात, आणि निघण्याआधी आपल्या भागातल्या कर-कार्यालयात प्रतिनिधी नेमला असेल तर तो कर परत मिळवता येतो. पण भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. एकरकमी घेतली की ती जपानी वर्षं पुसली जातात. 'सगळे घेतात म्हणून घेऊ नका, आधी पुढे कुठे राहायचंय ते ठरवा', हे तुमचं म्हणणं फार जणांच्या कामी आलं.

भूकंपाच्या तयारीत पाणी आणि विजेरी सगळेच सांगतात. मोठा हादरा बसला की गॅसचं मीटर आपोआप बंद होतं, हे तुम्ही सांगितलंत. गॅस गेला म्हणून रात्रभर थंडीत बसायचं कारण नाही. वास येत नाही ना ते बघायचं, सगळ्या शेगड्या आणि गीझर बंद करायचे, मीटरवरच्या बटणाची टोपी काढून बटण आत दाबून सोडायचं, आणि गॅस न वापरता तीन मिनिटं थांबायचं. लाल दिव्याची उघडझाप थांबली की गॅस सुरू. वास आला तर यातलं काहीही न करता बाहेर पडायचं आणि कंपनीला फोन.

ताई, हे सगळं तुम्ही रात्री-बेरात्री, कुणाकडून एक पैसा न घेता, तेच ते प्रश्न न कंटाळता सांगत आलात. आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

तुमचे,
जपानात शिकवणारे आम्ही सगळे

ता. क. तुमच्या टिपणांतलं वाहन परवान्याचं पान बदलावं लागेल. आरटीओकडून निघण्याच्या तोंडावर घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, ते तसंच आहे. पण भारतीय परवाना बदलून जपानी घेताना लेखी परीक्षेत दहा प्रश्न असायचे, ते १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास झाले आहेत आणि ९० टक्के बरोबर यावे लागतात. गाडी चालवण्याची परीक्षाही कडक झाली आहे. खेड्यातल्या शाळेवर जाणाऱ्यांनी वर्ष संपायची वाट न पाहता पहिल्या दोन-तीन महिन्यांतच अर्ज करावा, असं त्या पानावर लिहाल का?