पेपर पाहिलेस, आता रिपोर्ट माग

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पिल्लाचा फोटो मिळाला. फार गोड आहे. तू लिहिलंस, "पेपर आहेत बाबा, शुद्ध लॅब्रॅडॉर आहे, काळजी नको." मला काळजी आहे ती त्याचीच. पेपरवरून कूळ कळतं, तब्येत कळत नाही. शिवाय कूळ शुद्ध ठेवायचं म्हणजे बाहेरचं रक्त येऊ द्यायचं नाही. त्यात एखादा नर स्पर्धा जिंकला की जो तो आपली मादी त्याच्याकडेच नेतो, आणि त्याच्यात लपलेला दोष जातभर पसरतो.

डाल्मेशियनचंच बघ. यूरिक अ‍ॅसिडचा दोष त्या जातीत इतका मुरला की शुद्ध रक्तात निरोगी जीन उरलाच नाही. त्यातून मूतखडे होतात, नरांची तर लघवीच तुंबू शकते. 1973 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शाइबल या जनुकशास्त्रज्ञाने पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवत नेल्या. ठिपके राहिले, दोष गेला. तरी कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने हा वंश पुरता स्वीकारला तो 2011 मध्ये. इतक्या वर्षांत किती कुत्री विनाकारण कळवळली असतील! मला याचा अजून राग येतो.

लॅब्रॅडॉरमध्ये मुख्य भीती खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याची. हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, एका जीनमुळे होत नाही, त्यामुळे तो डीएनए चाचणीत सापडत नाही, एक्स-रेच लागतो. अमेरिकेतली ओएफए ही संस्था त्याचा पक्का दाखला कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच देते. म्हणजे आठ आठवड्यांचं पिल्लू उड्या मारतंय यावरून काहीच ठरत नाही. त्याच्या आईचे आणि बापाचे, दोघांचेही एक्स-रे रिपोर्ट माग. आई दीड वर्षाची असेल तर विषय तिथेच संपला.

डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए हा आजार मात्र, निदान लॅब्रॅडॉरमधला त्याचा नेहमीचा प्रकार, डीएनए चाचणीत कळतो. आई नुसती वाहक, म्हणजे दोषी जीनची एकच प्रत असलेली, निघाली तर घाबरू नकोस, तिला स्वतःला तो आजार होत नाही. बाप पूर्ण निर्दोष असला की एकही पिल्लू त्याने आंधळं होणार नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लाला चारात एक धोका.

पिल्लू घरी आलंच, तर लाडाने चारू नकोस. एका दीर्घ अभ्यासात भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे लॅब्रॅडॉर जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले.

"आमच्याकडे असं कधी झालंच नाही" असं तो ब्रीडर म्हणाला, तर कितीही जीव जडला असला तरी परत फिर. आगाऊ रक्कम द्यायच्या आधी रिपोर्टचे फोटो मला पाठव, आपण दोघं बसून वाचू.

तुझे,
बाबा