सूचना : रविवारी ‘उंबरठा’, वेळेवर या

सभासद बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता टिळकवाडीतल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये स्मिता पाटील यांचा ‘उंबरठा’ (१९८२) दाखवणार आहोत. मागच्या वेळी निम्मी मंडळी मध्यंतराला आली. या वेळी कृपा करून तसं नको. महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडून निघालेल्या सुलभाची घालमेल सुरुवातीपासून पाहिली तरच शेवट पोचतो.

दूरदर्शनवर बातम्या देताना जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसणारी ही मुलगी पुढे ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर वाडीतली चिंधी झाली आणि त्याच १९७७ साली ‘भूमिका’तली नटीही. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८५ मध्ये पद्मश्री. मला मात्र ‘मंथन’मधली बिंदू सर्वांत जवळची. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो चित्रपट उभा केला. रोज पहाटे डेअरीवर कॅन नेणाऱ्या आपल्या सभासदांना ती बाई अनोळखी वाटणारच नाही. पुढच्या महिन्यात तोच लावू.

१३ डिसेंबर १९८६ ला त्या गेल्या, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. अजून हळहळ वाटते.

चित्रपटानंतर अर्धा तास गप्पा. खानापूर, निपाणीकडच्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधी कळवा, म्हणजे तुम्हाला बोलायला पहिल्यांदा देता येईल. कॉलेजातल्या मुलींना जरूर सोबत आणा, त्यांना वर्गणी नाही.