देवबागच्या दादांना, पिल्लाच्या आईकडून

दादा, नमस्कार!

तुम्ही मला ओळखलंत की नाही कोण जाणे, त्या पहाटे अंधारच होता आणि तुमचं सगळं लक्ष जाळ्यातल्या पिल्लाकडे होतं. तुमच्या होडीभोवती सारखी घिरट्या घालत होती ती डॉल्फिन मी. पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, त्यावर छोटा पर, रंग करडा. कर्लीची खाडी समुद्राला मिळते तिथल्या उथळ पाण्यात आमचं कुटुंब राहतं, तुम्ही आम्हाला रोज बघता आणि आम्ही तुम्हाला.

हे पत्र खरं तर त्याच आठवड्यात लिहायचं होतं, पण पिल्लू चार दिवस माझ्या कुशीतून हललंच नाही, मग राहून गेलं.

आमच्याकडे पेपर येत नाही पण बातम्या सगळ्या कळतात. होड्यांवर लोक मोबाईलवर मोठ्या आवाजात लावतात आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने पळतो, त्यामुळे तुमच्या होडीतली बातमी आमच्या घरी आधी पोचते. तर मी गेले कित्येक दिवस कान लावून बसले होते की आता आपल्या दादांची बातमी येईल, मग येईल. आली नाही. पर्यटकांना समुद्राखाली नेणार म्हणतात त्या पाणबुडीची आली, पर्ससीनची मोठी जाळी टाकणाऱ्यांशी भांडणाची आली, एका बीचवर पर्यटकांची गाडी वाळूत रुतली त्याची तर फोटोसकट आली. तुमची नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहूया, कारण त्या पहाटेला अख्ख्या किनाऱ्यावर याच्याएवढी मोठी गोष्ट दुसरी कुठलीच घडली नव्हती.

काय झालं ते मी पाण्याखालून बघितलंय म्हणून सांगते, तुम्हाला वरून सगळं दिसलं नसेल. पिल्लू शेवटे माशांच्या मागे धावत होतं. नायलॉनचं जाळं इतकं बारीक असतं ना दादा, आम्ही टिकटिक आवाज काढून त्याच्या पडसादावरून समोर काय आहे ते ओळखतो, खडक कळतो, होडी कळते, मासा तर केवढाय तेसुद्धा कळतं, पण तंगूससारख्या धाग्यावरून पडसाद येतच नाही नीट. मोठ्यांनाही चकवा बसतो, हे तर वर्षाचंही नव्हतं. शेपटीच्या देठाला दोन फेरे पडले आणि ते घाबरून वळलं तसा तिसरा पडला. आम्ही मासा नाही हो, आम्हाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, डोक्यावरच्या भोकातून. काही मिनिटं वर येता आलं नाही की संपलं. मी खालून नाकाने ढकलत होते, पण जाळ्याचं वजन त्याला परत खाली ओढायचं.

तेवढ्यात तुम्ही जाळं ओढायला घेतलंत, आणि हाताला वजन वेगळं लागलं म्हणून थांबलात. टॉर्च मारलीत. तुमच्या सोबतचा पोरगा म्हणाला, "तात्यानू, नवीन जाळां हा, कापू नकात." त्याचंही बरोबर होतं, जाळ्याला किती पैसे पडतात ते त्याला माहीत. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पोटावर आडवे होऊन कोपरापर्यंत हात पाण्यात घातलात, एका हाताने पिल्लाचं डोकं पाण्यावर धरलंत आणि दुसऱ्या हाताने सुरी. सुरीची धार बाहेरच्या बाजूला ठेवली होतीत, चामडीला लागू नये म्हणून. ते मी बघितलं. जाळ्याचा एक एक डोळा कापत होतात आणि तोंडाने सारखं चालू होतं, "थांब गो बाये, सोडतंय तुका, थांब." त्याला काय कळलं माहीत नाही पण तुमच्या आवाजाने ते धडपडायचं थांबलं, आणि थांबलं म्हणूनच शेवटचा फेरा सुटला.

सुटल्यावर फूऽऽस करून त्याने जो श्वास घेतला ना, तो आवाज मी विसरणार नाही. जन्माला आलं तेव्हा पहिला श्वास घ्यायला मीच त्याला वर ढकललं होतं, आम्ही शेपटीकडून जन्माला येतो आणि आलो की लगेच वर जावं लागतं. दुसऱ्यांदा त्याला वर धरलं ते तुम्ही.

आता एक महत्त्वाचं. फोटो काढलात ना? डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकारची योजना आहे, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून चालवतात, डॉल्फिन, कासव, देवमासा, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्याला सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. सगळ्या बातम्यांत मला सगळ्यात जास्त आवडलेली बातमी ही, कारण यात आम्ही वाचतो आणि तुमच्या घरची चूलही विझत नाही. तुमच्या पोराने मोबाईल काढला होता असं मला वरून उजेड पडला त्यावरून वाटतंय. अर्ज केला नसेल तर करा दादा, लाजू नका, तो तुमचा हक्काचा पैसा आहे. आणि पोराला सांगा की त्याच्यावर माझा अजिबात राग नाही.

आमच्याकडूनही तुमचं नुकसान होतं ते मला माहितीये. जाळ्यातला मासा आयता दिसतो, आम्ही ओढतो, जाळं फाटतं, मग तुम्ही दिवसभर वाळूत बसून विणत राहता. याबद्दल मनापासून सॉरी. तारली मासळी कमी झाली की तुम्हीही त्याच पट्ट्यात आणि आम्हीही त्याच पट्ट्यात, जायचं कुठे? रात्री एलईडीच्या झगझगीत दिव्यांनी मासा गोळा करून नेतात त्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी दरवर्षी तुम्हा लोकांना त्याच्यासाठी बंदरावर उतरावं लागतं. तुम्ही घोषणा देता तेव्हा आम्ही खाली असतो दादा, एक मत आमचंही धरा!

तुमच्याजवळच बोलावं अशा दोन बातम्या अजून आहेत. एक म्हणजे "डॉल्फिन मासा". छापून येतं, बोर्डावर असतं, गाईड पण म्हणतात. मी पिल्लाला दूध पाजते हो! तुम्ही त्या पहाटे "बाये" म्हणालात, "मासा" नाही, तेव्हाच मला कळलं की या माणसाच्या हातात ते सुखरूप आहे.

दुसरी जुनी, मार्च २०२० ची, लॉकडाऊनमध्ये मुंबईत मलबार हिलच्या बाजूला आमची भावंडं दिसली आणि सगळीकडे व्हिडिओ, "डॉल्फिन परत आले!" परत कुठून येणार, ती तिथेच होती आधीपासून, माणसं पहिल्यांदा खिडकीत निवांत उभी राहिली एवढंच. पण त्या बातमीने मला आनंद झाला होता, अगदी खरं सांगते. इतकी माणसं एका वेळी आमच्याकडे बघून खूश झाली, कोणाच्या हातात काही नाही, कोणी पाठलाग करत नाही.

पाठलागावरून आठवलं. सीझनला तुम्ही पर्यटक घेऊन येता तेव्हा लांबूनच इंजिन न्यूट्रलला टाकता, आणि होडीतलं कोणी "जवळ घ्या ना काका" म्हणालं तरी घेत नाही. बाकीच्या चार-पाच होड्या एकदम घेरतात तेव्हा इंजिनांच्या आवाजात मला पिल्लाची शिट्टी ऐकू येत नाही, आणि आई-पिल्लाचं नातं पहिली काही वर्षं त्या शिट्टीवर चालतं. तुमच्या होडीतल्या लोकांना आम्ही जास्त वेळ दिसतो हे त्या बाकीच्यांच्या अजून लक्षात आलं नाहीये, तुम्ही सांगून बघा, तुमचं ऐकतील.

पाणबुडीचं काय ठरतंय ते कळवत राहा. ती जाणार म्हणतात त्या निवतीच्या खडकांकडे माझी मावशी असते, ती चौकशी करत होती.

पिल्लू आता बरं आहे. शेपटीच्या देठाला पांढरा वळ राहिलाय, डाव्या बाजूला, त्यावरून ओळखाल. उडी मारायला शिकलंय, अजून पोटावरच पडतं. नारळी पौर्णिमेनंतर तुम्ही परत होडी काढाल तेव्हा संगमाच्या बाहेर, पाणी हिरव्याचं निळं होतं तिथे, मिनिटभर इंजिन बंद करा. मी घेऊन येते त्याला.

तुमची,
पिल्लाची आई