आणखी एक पान लिहून घेऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात सुंदर हस्ताक्षरावर आलेला लेख वाचला. रोज एक पान शुद्धलेखन करून घ्या, अक्षराला वळण लागतेच, असा सल्ला त्यात आहे. बऱ्याच मुलांना तो लागू पडेल. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या माझ्या नातीला पडत नाही. तिच्यासारखी मुले ज्या घरांत आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र.

नात नऊ वर्षांची आहे. वाचन झरझर. झुलता पूल आणि कमानी पूल वजन कसे पेलतात, यातला फरक ती कोणालाही समजावून सांगते. पण हातात पेन्सिल आली की दोन-तीन ओळींतच बोटे दुखायला लागतात. इतके दाबून लिहिते की अक्षर मागच्या पानावर उमटते. 'लक्षच देत नाही,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मला त्याचा राग येतो. ऑटिझम असलेल्या मुलांच्या हस्ताक्षराचा एक अभ्यास २००९ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्या मुलांची अडचण मुख्यतः अक्षराचा आकार घडवण्यात दिसली आणि तिचा संबंध हालचालींवरच्या ताब्याशी होता. म्हणजे मुळात प्रश्न हाताचा आहे. तेच पान पुन्हा लिहायला लावून तो हात फक्त थकतो.

मी आयुष्यभर ड्राफ्ट्समनचे, म्हणजे आराखडे काढण्याचे काम केले. फळा किती तिरका आणि कोपर कुठे टेकलेले, यावर रेघ कशी येते ते ठरते, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे आम्ही सुरुवात बसण्यापासून केली. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट, टेबल कोपराच्या उंचीला, वही उतरत्या फळीवर. कधी कागद थेट भिंतीला चिकटवतो. उभ्या कागदावर लिहिताना मनगट आपोआप योग्य बाजूला वळते आणि खांद्यालाही काम मिळते. पेन्सिल आखूड देतो, कारण लहानशा तुकड्यावर मूठ आवळता येत नाही. दाब कळावा म्हणून कागदाखाली मऊ जाड कापड घालतो. जोर जास्त झाला की टोक आरपार जाते आणि ते तिचे तिलाच कळते. पेन्सिल पुस्तकातल्या चित्रासारखीच धरली पाहिजे, हा हट्ट मात्र आम्ही धरत नाही. बोटे दुखत नसतील आणि हात चालत असेल, तर ती पकड चांगलीच.

अक्षरे बाराखडीच्या क्रमाने न घेता वळणाच्या क्रमाने घेतली. 'व' बसला की 'ब' आणि 'क' त्याच्या मागोमाग येतात. 'क' काढताना दोनदा हात उचलायचा, नेमक्या जागी परत टेकवायचा. ती तिथेच अडखळायची. आता 'डावीकडे गोल, उभा दांडा, उजवीकडे शेपूट' असे म्हणत काढते. हे शब्द तिची आई आणि मी अगदी तेच ठेवतो. एकाने 'शेपूट' आणि दुसऱ्याने 'काना-बिना' म्हटले की तिचा सगळा क्रम मोडतो. वरची ओळ रंगीत आखून अक्षरे त्या ओळीला टांगायची आणि शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावरच द्यायची.

किती लिहायचे ते आधीच सांगून ठेवतो. पाच शब्द म्हटले की पाचच. छान जमले म्हणून सहावा मागायचा नाही. शब्दही तिच्या आवडीचे. पुलाचे चित्र ती काढते आणि 'खांब', 'कमान', 'तुळई' अशी नावे त्याच्या भागांवर घालते.

निबंध मात्र या सरावात मिसळत नाही. तो ती तोंडी सांगते आणि आई उतरवून घेते, किंवा ती स्वतः टाइप करते. अक्षर वळवायचे आणि त्याच वेळी विचारही जुळवायचा, हे दोन्ही एकदम मागितले की तिच्या दहा वाक्यांचे एक होते. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की अशा मुलांना फळ्यावरचे सगळे उतरवायला लावू नका, छापील कागद द्या. आणि चुकलेले दहा वेळा लिहिण्याची शिक्षा तर नकोच.

यातले बरेचसे आम्हाला ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या उपचारतज्ज्ञांनी दाखवले. प्रत्येक मुलाचा हात वेगळा असतो, त्यामुळे आमची पद्धत जशीच्या तशी उचलण्यापेक्षा त्यांच्याकडून एकदा तपासून घेणे बरे. हस्ताक्षरावर आपण पुन्हा काही छापणार असाल, तर अशा एखाद्या थेरपिस्टनाही लिहायला सांगावे.

– एक आजोबा