हेडफोन मुलांच्या कानांवर, रेकॉर्डर सरांच्या हातात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अंध विद्यार्थ्यांच्या निसर्गध्वनी शिबिराचा वृत्तान्त वाचला. विषयाला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण त्या अर्ध्या पानातून कळतं एवढंच की मुलांचे कान ‘दैवी’ आहेत आणि मुलं ‘भारावून गेली’. छायाचित्रात मुलं हेडफोन लावून रांगेत बसली आहेत आणि रेकॉर्डर सरांच्या हातात आहे. मग मुलं नेमकं शिकली काय?

कहर म्हणजे मुलांना हेडफोन लावून पायवाटेनं चालवलं, तेही कौतुकानं लिहिलंय! काठीची टकटक, पुढच्याची पावलं, ओढा कुठल्या बाजूला वाहतोय, याच अंदाजावर ती मुलं चालतात. कान झाकणारा हेडफोन चढवला की ते सगळं बंद. त्यात माइकचा आवाज वाढवलेला असला की लांबचा ओढा पायाशी आल्यासारखा वाटतो. चालताना हेडफोन गळ्यात, बसल्यावरच कानांवर, हा पहिल्या तासाचा धडा आहे. डाव्या कपावर कापडी पट्टीचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे बाजू चुकत नाही.

यंत्र मुलांच्या हातात देता येतं का? येतं. झूम या रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीच्या ‘इसेन्शियल’ मालिकेतले रेकॉर्डर २०२४ पासून मेनू बोलून दाखवतात. मराठीत नाही, इंग्रजीत. पण शाळेतल्या मुलांना तेवढं पुरतं. ते ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज सामावून घेणाऱ्या पद्धतीत, ध्वनिमुद्रण करतात. त्यामुळे न दिसणाऱ्या मीटरकडे बघून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, लावायची भानगड नाही. साधा २४ बिटचा रेकॉर्डर असेल तर डोळस माणसानं एकदा पहाटेच्या आवाजाला सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल असा गेन लावावा आणि डायलवर त्या जागी नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून ठेवावा. बोटाला लागतो. रेकॉर्डच्या बटणावर दुसरा थेंब. लाल दिवा लागला, हे अंध मुलाला सांगून उपयोग नाही. हेडफोनमध्ये बीप येते की नाही, ते आधी तपासा.

मग स्टँड लावायचा, कारण हातात धरलं की बोटांची खरखर येतेच. कस्तुराची शीळ हवी असेल तर माइक पक्ष्याकडे आणि रेकॉर्डरची पाठ ओढ्याकडे. सुरुवातीला जागा, वेळ आणि माइकचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बोलायचं. डावीकडे एक चुटकी, उजवीकडे दोन. यंत्र उलटं टांगलं गेलं असेल तर चुटक्यांची अदलाबदल होते आणि मुलांच्या ते तिथंच लक्षात येतं. मग चार पावलं मागे सरून पाच मिनिटं गप्प. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ या नेहमीच्या सेटिंगला मिनिटाला साधारण सतरा एमबी लागतात. कार्ड भरायची भीती नको.

आणि वारा! सोबत येणारी स्पंजची टोपी खोलीत ठीक, घाटमाथ्यावर केसाळ कव्हरच लागतं. वाऱ्यानं माइकचा आतला पडदाच जोरात हलला तर ३२ बिटही काही करू शकत नाही. पावसाळ्यात दमट हवेनं माइक फटफट वाजू लागतो, म्हणून रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. घरी आल्यावर ध्वनिसंपादनासाठी ऑडॅसिटी किंवा ओसारा हे अंधांसाठीचं पूरक जोडलेलं रीपर, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) कीबोर्डनं नीट चालतं. फाइल कापणं, नाव देणं मुलंच करतात.

आयोजकांनी मात्र मुद्रणाखाली बासरी घातली, म्हणे ‘अनुभव अधिक सुंदर’ व्हावा. बासरीखाली रातकिडे आणि बेडूक गाडले गेले, त्याचं काय? माहिती द्यायचीच तर वेगळ्या फाइलमध्ये बोलून द्या. वर मोबाइलवरून साद वाजवून पक्षी जवळ बोलावले. विणीच्या काळात? पक्षी घरटं सोडून त्या ‘घुसखोराला’ हुसकायला धावतो आणि तुमच्या मुद्रणात मोबाइलचाच आवाज येतो. उरुग्वेचा जन्मांध ध्वनिमुद्रक हुआन पाब्लो कुलासो पक्ष्यांचे आवाज स्वतः मुद्रित करतो. आपल्याकडे निदान बटण तरी मुलांना दाबू द्या.

ता. क. हा वृत्तान्त आपल्या ई-पेपरवर एका अंध मित्रानं उघडला. पान म्हणजे निव्वळ चित्र, स्क्रीन रीडर ‘ग्राफिक’ एवढंच म्हणाला. अंधांवरचा लेख शेवटी फोनवरून वाचून दाखवावा लागला. प्रतिक्रिया पाठवायला गेला तर चित्रातली अक्षरं ओळखायला सांगतात, ध्वनीचा पर्याय नाही. आपल्या तांत्रिक विभागातल्या कुणीतरी एकदा मॉनिटर बंद करून हे पान उघडून बघावं, ही विनंती.

आपला,
एक ध्वनिमुद्रण प्रशिक्षक, पुणे