केळीच्या पॅकहाउसमधले पाच दिवस

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू सावद्याजवळच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटी सुपरवायझरांच्या मागे पाच दिवस राहणार. नुसतीच मागे मागे फिरलीस तर ‘केळी धुतात, निवडतात, खोक्यात भरतात’ एवढंच हाती लागेल, आणि तेवढं तुला आजही ठाऊक आहे. आणायचं ते वेगळंच आहे. त्यांचा हात एका फणीवर थांबतो आणि दुसरीवरून पुढे सरकतो, तो कशामुळे?

त्यासाठी रोज एक काम कर. ग्रेडिंगच्या टेबलाजवळ उभी राहून ओळीने २० फण्या बघ. त्यांनी ठरवायच्या आत वहीत तुझं मत मांड. चालणार असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली, आणि फुलीपुढे कारणाचा एकच शब्द: डाग, ओरखडा, जाडी, जुळं केळं, चीक. मग शेजारी त्यांचा निर्णय लिही. जिथे जुळलं नाही तेवढ्याच फण्यांबद्दल विचार, तेही गाडी भरून झाल्यावर किंवा चहाच्या वेळी. ‘केळी कशी निवडता?’ असं विचारलंस तर मोघम उत्तर मिळेल. ‘ही फणी स्वच्छ दिसत होती, तरी बाजूला काढलीत, काय पाहिलंत?’ असं विचारलंस तर नेमकं मिळेल. पहिल्या दिवशी बऱ्याच चुकतील, चुकू देत. रोज किती चुकल्या तो आकडा मात्र लिहीत जा.

जाडी मोजायला कॅलिपर वापरतात. तो फणीतल्या कोणत्या केळ्याला लावतात ते बघून घे. सहसा बाहेरच्या रांगेतलं मधलं केळं धरतात. किती जाडी चालेल ते प्रत्येक ऑर्डरीप्रमाणे ठरतं, म्हणून त्या दिवसाची मर्यादा सकाळीच विचारून वहीच्या वर लिही. लांबच्या बाजारासाठी घड साधारण ७५ ते ८० टक्के भरला की कापतात. तेव्हा केळ्याच्या धारा, म्हणजे अंगावरच्या उभ्या कडा, अजून हाताला लागतात. धारा जाऊन केळं गोल झालेलं असेल तर ते वाटेतच पिकायला लागतं, आणि त्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या फण्यांनाही पिकवतो. एक फणी चुकली की खोकं जातं, ते असं.

टाकीजवळ घाई करू नकोस, तिथे अर्धा दिवस काढ. घडावरून फणी कापली की कापाच्या जागेतून चीक वाहतो. म्हणून फण्या पाण्यात टाकतात, पाण्यात तुरटीही घालतात, आणि चीक थांबेपर्यंत राहू देतात. लवकर बाहेर काढली तर चीक सालीवर उतरतो आणि सुकून काळा पडतो. पाणी किती वेळाने बदलतात, ते कोण ठरवतं, हे नक्की विचार. घाण पाण्यातून कापाच्या जागी बुरशी शिरते आणि बूड कुजतं. पॅकहाउसमध्ये ते दिसत नाही, माल पोहोचल्यावर दिसतं.

शीतगृहातला आकडाही टिपून ठेव. केळी १३ ते १४ अंशांवर ठेवतात. त्याखाली गेली की सालीखालच्या शिरा तपकिरी होतात, आणि मग पिकल्यावर रंग पिवळाधमक न येता राखट येतो. आपल्या रावेर-यावल पट्ट्यात थंडीच्या रात्री पारा १० च्याही खाली उतरतो, तेव्हा बागेतच हे होतं. शेतकरी त्याला चरका म्हणतात. आता थंडीच आहे, तेव्हा असा माल आला तर तो कसा ओळखतात, हे बघायची संधी सोडू नकोस.

कपडे जुने आणि गडद रंगाचे घाल, केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही. पायात बंद बूट. नखं कापून जा, अंगठ्या-बांगड्या घरी ठेव. नखाचा ओरखडा आज दिसत नाही, पिकल्यावर काळा होतो. ओल्या हाताने पेनाची शाई पसरते, म्हणून पेन्सिल. फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. कोणत्या शेतकऱ्याला काय भाव मिळाला, कोणाचा किती माल परत गेला, हे कानावर येईल. ते वहीत लिहायचं नाही आणि बाहेर बोलायचंही नाही.

कोणी मदतीला बोलावलं तर जरूर हात लाव. पण दिवसभर स्टिकरच लावायला बसवलं तर गप्प राहू नकोस. ‘भाऊ, दुपारनंतर ग्रेडिंगजवळ उभी राहू का?’ एवढं विचारण्यात काही वावगं नाही.

जेवायला ऑफिसात न बसता फण्या कापणाऱ्या बायांसोबत बस. कोयता कुठे टेकवला म्हणजे फणीचं बूड नीट राहतं, हे त्या जेवढं नेमकं सांगतील तेवढं कोणी सांगणार नाही. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा दोघींपुरता देते.

रात्री जेवणाआधी २० मिनिटं वही पक्की कर, सकाळपर्यंत अर्धं विसरायला होतं. शेवटच्या दिवशी सुपरवायझरांना आभाराची चिठ्ठी दे, आणि त्यात त्यांच्याकडून शिकलेली एक तरी गोष्ट नाव घेऊन लिही. सोमवारची २० फण्यांची यादी मला फोनवर वाचून दाखव.

तुझी,
आई